शिट्टी कोणाची?

खोलीत अंधार. रात्रीचे दोन वाजून गेलेत. खिडकीचा पडदा वाऱ्याने हलतोय, टेबलावरचा फोन वाजतोय. काळोखातून एक हात येतो आणि फोन उचलतो. माणूस दिसतच नाही, नुसता त्याचा झोपाळलेला आवाज ऐकू येतो. तुमच्या भागीदाराचा खून झालाय, असं पलीकडून कोणीतरी सांगतंय. 'द माल्टीज फाल्कन'मधला हा प्रसंग १९४१ सालचा आहे, पण आजही बघताना हातातला पोह्यांचा चमचा हवेतच राहतो. ठाणे, नाशिक, डोंबिवली, बडोदा आणि सॅन फ्रान्सिस्को अशा पाच घरांतली बारा माणसं श्वास रोखून बसली होती.

आणि कुकरची शिट्टी झाली.

लांबलचक, अगदी मनापासून दिलेली शिट्टी. भागीदाराचा खून कुठे झाला ते आम्हा कोणालाच ऐकू आलं नाही.

"कोणाचा कुकर आहे तो? बंद करा गं!" डोंबिवलीची मावशी कडाडली.

मुळात ही कल्पना भाच्याची. तो सॅन फ्रान्सिस्कोत असतो. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळे नातेवाईक दर रविवारी फोनवर जमायचो, एकमेकांचे वाढलेले केस बघायचो आणि "ऐकू येतंय का?" एवढंच तासभर बोलून उठायचो. टाळेबंदी संपली, केस कापले गेले, जमणंही बंद पडलं. यंदा उन्हाळ्यात त्याने टूम काढली की नुसतं बोलण्यापेक्षा एकत्र सिनेमा बघू, म्हणजे बोलायला विषय होईल. आमच्या घराण्यात विषयांची टंचाई कधी नव्हती, ऐकणाऱ्यांची होती. पण तो लांब राहतो, त्याच्या आठवणीत आम्ही जरा बरे असू.

सिनेमा कुठला, यावर चार दिवस गेले. हेरगिरीचा, खुनाचा हवा एवढ्यावर एकमत होतं. नाशिकचे काका 'सोनार केल्ला' म्हणाले, कारण सत्यजित राय. बडोद्याच्या आत्याला १९५६ चा 'सी.आय.डी.' हवा होता, कारण देव आनंद. मावशी म्हणाली, काहीही लावा पण रक्त नको. भाच्याने 'माल्टीज फाल्कन' पुढे केला. गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोत घडते, आणि पहिला खून होतो ती गल्ली त्याच्या ऑफिसपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. या एका मुद्द्यावर सिनेमा मंजूर झाला. शूटिंग जवळजवळ सगळं स्टुडिओत झालंय ही गोष्ट त्याने हुशारीने शेवटपर्यंत पोटात ठेवली.

वेळ ठरली रविवार सकाळी साडेआठ, म्हणजे त्याच्याकडे शनिवारी रात्रीचे आठ.

असं ज्यांनी कधी पाहिलेलं नाही त्यांना पद्धत सांगते. आम्हाला वाटलं होतं, एकाने सिनेमा लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या स्क्रीनवरून बघायचा. करून पाहिलं, तर आवाज येतो आणि चित्र काळं. चोरून कॉपी होऊ नये म्हणून ती तजवीज असते म्हणे. म्हणजे डिटेक्टिव्ह सिनेमा सुरू व्हायच्या आधीच बाराच्या बारा प्रेक्षक संशयित. शेवटी असं ठरलं की प्रत्येकाने आपापल्या टीव्हीवर सिनेमा लावायचा, फोनवर एकमेकांची तोंडं ठेवायची, भाच्याने "तीन, दोन, एक" म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं.

एकदम! जी माणसं आजवर एकदम आरती म्हणू शकली नाहीत ती एकदम बटण दाबणार होती. काकांनी "तीन"लाच दाबलं. आम्ही "एक"ला दाबलं, पण ते आवाज वाढवायचं बटण होतं. बडोद्याला गोल चक्र फिरत राहिलं. शेवटी नाशिक आमच्या पुढे अर्धा मिनिट आणि बडोदा आमच्या मागे अर्धा मिनिट, अशी ती वरात निघाली. घोडं बडोद्याला होतं हे वेगळं सांगायला नको.

पहिल्याच मिनिटाला काका ओरडले, "थांबा!"

सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर मजकूर येतो. १५३९ साली माल्टाच्या टेम्पलर सरदारांनी स्पेनच्या पाचव्या चार्ल्सला सोन्याचा, रत्नजडित ससाणा नजराणा म्हणून पाठवला, तो वाटेत चाच्यांनी पळवला, वगैरे. काकांनी शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवलाय. "टेम्पलर नव्हेत, हॉस्पिटलर. टेम्पलर दोनशे वर्षांपूर्वीच बुडाले होते. आणि चार्ल्सने बेट दिलं ते १५३० साली. मोबदला काय, तर वर्षाला एक ससाणा. तोही जिवंत, पंखांचा. सोन्याबिन्याचा नाही."

"वर्षाला एक पक्षी?" आई म्हणाली. "अख्ख्या बेटाला? म्हणजे पागडीचंच भाडं की."

आईचं लहानपण गिरगावच्या चाळीतलं. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "वहिनी, इतक्या सोप्या शब्दांत मी वर्गात कधी सांगू शकलो नाही." मग पुन्हा तीन, दोन, एक.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण हा लेख तिच्यामुळे आहे. तिचं वय ८२. इंग्रजी सिनेमा ती पात्रांच्या तोंडाकडे बघून समजून घेते. खाली येणारी अक्षरं वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावला की विणकाम दिसत नाही. त्यातून हा सिनेमा भलता बडबडा. हम्फ्री बोगार्ट असा बोलतो, जणू मागे टॅक्सीचं मीटर पडतंय. तरी आईचा या विषयातला अधिकार मोठा आहे. शाळेत असताना तिने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भाड्याने आणून, भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचल्या. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. आईने त्यातली किती वाचली ते माहीत नाही, पण तिला भूगोल अजिबात येत नाही. झुंजार आणि काळा पहाड यांच्याबद्दल मात्र ती सासरच्या माणसांबद्दल बोलावं इतक्या बारकाईने बोलते.

तर पहिला प्रसंग असा. सॅम स्पेड आणि माइल्स आर्चर या दोन भागीदारांचं डिटेक्टिव्ह ऑफिस. एक देखणी, घाबरलेली बाई येते. नाव सांगते मिस वंडरली. धाकटी बहीण कोणा थर्सबी नावाच्या माणसाबरोबर पळून आलीय, त्याच्यावर पाळत ठेवा म्हणते. मेरी अ‍ॅस्टरने ही बाई अशी केलीय की पाण्याचा ग्लास पुढे करावासा वाटतो. मध्येच भागीदार आर्चर आत येतो, तिला वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, हे काम मीच करतो. ती शंभर-शंभर डॉलरच्या दोन नोटा काढून देते आणि निघून जाते.

आईने एक टाका घातला आणि म्हणाली, "हीच."

"हीच काय?"

"हिनेच केला."

"अगं, अजून काही झालेलंच नाही!"

"होईल की. तो आता आलेला, बघत होता बघ, तो मरणार. आणि मारणार ही."

मावशी हसली. काका म्हणाले, "वहिनी, पुरावा?" आईने विणकाम खाली ठेवलं. हे ती फार क्वचित करते.

"मुकाट्याने दोनशे काढून दिले. कमी करा म्हणाली का? बहीण हरवलेली बाई आहे. अजून किती दिवस लागतील, कुठेकुठे जावं लागेल, हॉटेलचं बिल किती होईल, हे हिच्या डोक्यात नको? खरी अडचण असली की माणूस पैसा मोजून देतो. हिला पुढचा खर्चच नाही."

याच्यावर आम्ही सगळे फार हसलो. आईची घासाघीस ठाण्यात प्रसिद्ध आहे. 'एकच भाव' अशी पाटी असलेल्या दुकानात ती "ते झालं, पण द्यायचं काय?" असं विचारते. एकदा तिने रक्त तपासणाऱ्याला दोन चाचण्यांवर तिसरी फुकट मागितली होती, आणि मिळवली होती. अशा बाईला घासाघीस न करणारं प्रत्येक माणूस गुन्हेगार वाटणारच, असं आम्ही मनात म्हटलं.

तिथून पाच मिनिटांत आर्चर मेला, फोन वाजला आणि कुकरची शिट्टी झाली.

पुन्हा शिट्टीकडे येते. प्रत्येकाने आधी आपापल्या ओट्याकडे बघितलं. आमच्याकडे पोहे झाले होते, कुकर लावायचा होता. नाशिकला उपवास. बडोद्याला सून माहेरी गेली होती, म्हणून डबा येणार होता. भाच्याकडे रात्र, आणि त्याच्या कुकरला शिट्टीच नाही, तो नुसता दिवा लावतो. मावशी तर सगळ्यांत जोरात ओरडत होती. मग राहिलं कोण?

तेव्हा काकांच्या लक्षात आलं की घरं पाच आहेत आणि चौकटी सहा.

सहावी चौकट काळी होती. त्यात चेहरा नाही, नुसतं नाव: 'रेडमी'.

"हा रेडमी कोण?" काकांनी विचारलं. आम्हाला वाटत होतं तो बडोद्याचा, आत्याला वाटत होतं तो आमचा. बोलवून बघितलं, "रेडमी, ऐकू येतंय का?" उत्तर नाही. काकांचा आवाज एकदम खाली गेला. "बाहेरचा माणूस घुसलाय. कोणी बँकेबद्दल बोलू नका." तोवर बँकेबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं असतं तसं निवृत्त माणसाच्या मनात ओटीपी असतो. त्यानंतर काका कॅमेऱ्याकडे न बघता, छताकडे बघत बोलू लागले.

दुसरी शिट्टी झाली.

भाचा म्हणाला, "थांबा, मी त्याचा माइक बंद करतो."

"अजिबात नाही!" आई म्हणाली. "बंद केलास तर कळणार कसं, कोणाची डाळ जळतेय?"

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. अन्नाचा प्रश्न होता.

तिकडे पडद्यावर दुसरा दिवस उजाडला होता. आर्चरची बायको काळे कपडे घालून ऑफिसात आली आणि थेट स्पेडच्या गळ्यात पडली. अर्ध्या मिनिटाने बडोद्याहून आत्याचा आवाज आला, "अगंबाई! ही कोण?" तोवर स्पेडने सेक्रेटरीला हुकूमसुद्धा देऊन टाकला होता की दारावरचं आर्चरचं नाव काढून टाक, आता फक्त माझं लिही. आई म्हणाली, "तेरावं तरी होऊ द्यायचं." पण नजर तिची टीव्हीवर नव्हती. ती फोन कानाशी धरून बसली होती.

तिसरी शिट्टी. तिच्या शेपटाला लागून एक लांब भोंगा, मग खडखडाट.

"गाडी गेली," आई म्हणाली. "धीमी होती. आपल्यात रुळांजवळ कोण राहतं?"

सगळ्यांच्या नजरा डोंबिवलीच्या चौकटीवर गेल्या. मावशी खवळली. "म्हणजे? माझ्या घरातला कुकर मला ऐकू येणार नाही होय? पन्नास वर्षं संसार केलाय मी!"

"तुझ्या कानात काय आहे?" आईने विचारलं.

मावशीच्या कानांवर नातवाने त्याचे मोठे, काळे, गादीवाले हेडफोन चढवले होते. बाहेरचं काही ऐकू येत नाही, आजी, मजा येईल, म्हणून. मावशीने ते काढले. त्याच क्षणी चौथी शिट्टी झाली असावी, कारण तिचा चेहरा आम्ही पाहिला. मग चौकटीत बराच वेळ नुसती रिकामी खुर्ची आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

उलगडा असा होता. सकाळी मावशीने आधी आपल्या फोनवरून लिंक दाबली आणि कुकर लावता लावता फोन मसाल्याच्या डब्यामागे टेकवून ठेवला. मग नातवाने तिला दिवाणखान्यात टॅबवर बसवून दिलं. फोन तिकडेच राहिला, माइक उघडा. म्हणजे स्वयंपाकघरातला तिचा कुकर अमेरिकेच्या सर्व्हरला वळसा घालून तिच्याच कानात शिट्टी मारत होता आणि ती आम्हाला झापत होती.

"सगळ्यांत आधी कोण ओरडलं, ते बघायचं असतं," आई म्हणाली आणि तिने विणकाम पुन्हा उचललं.

आता पडद्यावर काय चाललंय पाहा. मिस वंडरलीचं नाव वंडरली नाहीच. मग ती मिस लब्लांक होते, आणि शेवटी ब्रिजिड ओशॉनेसी. बाईंची तीन नावं, मावशीची दोन. बहीण वगैरे सगळं खोटं. ती स्पेडला म्हणते की मी काल तुम्हाला थाप मारली. स्पेड म्हणतो, तुमच्या गोष्टीवर आम्ही विश्वास ठेवलाच नव्हता, विश्वास ठेवला तो दोनशे डॉलरवर. खऱ्या कामाला पडतील त्यापेक्षा तुम्ही जास्त दिलेत, तेव्हाच आम्ही ओळखलं.

मी आईला ते मराठीत सांगितलं. सांगताना माझाच आवाज जरा खाली गेला. फोनवर पाचही चौकटी गप्प होत्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आई सुईवरचे टाके मोजत होती.

हे वाक्य डॅशिएल हॅमेटचं. त्याच्या १९३० च्या कादंबरीवरून सिनेमा केलाय, आणि त्याने लेखक होण्याआधी पिंकर्टन या खासगी हेर कंपनीत खरोखर नोकरी केली होती. माणसं खोटं बोलताना पैसे कसे मोजतात हे त्याने नोकरीत पाहिलं असणार. आईने तेच भाजी मंडईत पाहिलं.

सिनेमा जेमतेम पंचवीस मिनिटं झाला असेल, तेवढ्यात मीटिंग बंद पडली. फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटं चालते, त्यातली पंधरा हॉस्पिटलर आणि कुकर यांनी खाल्ली. नवी लिंक येईपर्यंत मध्यंतर झालं. मी चहा टाकला, नवऱ्याने फरसाणाचा पुडा फोडला. पुन्हा जमलो तेव्हा मावशी परत आली होती. डाळ वरवरची वाचली होती. आता तिच्या कानात काही नव्हतं आणि चेहऱ्यावरही काही नव्हतं.

याच मध्यंतरात भाच्याने कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला. पोराचा हेतू चांगला होता. दुपारी तो मुद्दाम त्या गल्लीत जाऊन आला होता. स्टॉक्टन बोगद्याच्या वर, बुश स्ट्रीटला लागून बरिट स्ट्रीट नावाचा एक बोळ आहे. तिथे भिंतीवर एक पाटी लावलेली आहे. पाटीवर म्हटलंय की साधारण याच जागी सॅम स्पेडचा भागीदार माइल्स आर्चर मारला गेला. एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण नाही. कोणी मारला, त्याचंही नाव त्याच वाक्यात, त्याच पाटीवर, धातूत कोरलेलं.

ब्रिजिड ओशॉनेसी.

म्हणजे ज्या शहरात हा सगळा रहस्यपट घडतो, तिथल्या भिंतीवरच रहस्य फोडून ठेवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं, फोटो काढावा आणि पंचवीस मिनिटं सिनेमा बघून बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या नातेवाइकांना पाठवावा. ही पाटी पुण्यात असती तर मला आश्चर्य वाटलं नसतं.

काका भडकले. सव्वा तास सिनेमा बाकी होता. भाच्याने फोटो उडवला. तोपर्यंत आत्याने तो बडोद्याच्या भजनी मंडळाला पाठवला होता. काही वेळाने काकांनीच स्वतःची समजूत घातली. "पाटी चुकीची असू शकते. ज्यांना टेम्पलर आणि हॉस्पिटलर यांतला फरक कळत नाही त्यांच्या शहरातली पाटी आहे." आणि मग तासभर ते एकटेच जोएल कैरोवर संशय घेत राहिले.

हा जोएल कैरो म्हणजे पीटर लोरी. त्याच्या व्हिजिटिंग कार्डाला वास येतो. सेक्रेटरी कार्ड हुंगते आणि म्हणते, गार्डेनिया. आईने विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, आपला अनंत. १९४१ ची अमेरिकन सेन्सॉरशिप अशी होती की काही गोष्टी वासानेच सांगाव्या लागत. आई म्हणाली, "अनंताचा वास लावून येतो? बरं आहे की. दोन हात अंतरावर बसावं लागेल असा वास घेऊन येणारे कमी आहेत का?" नवऱ्याने उगाच शर्टाची कॉलर सारखी केली.

सिनेमाबद्दल सांगायचं तर तो विलक्षण आहे. जॉन ह्यूस्टन याचं दिग्दर्शक म्हणून पहिलंच काम. त्याआधी वॉर्नरने याच कादंबरीवर दहा वर्षांत दोन सिनेमे काढले होते, ते कोणाच्या लक्षात नाहीत. स्पेडची भूमिका आधी जॉर्ज राफ्टला सांगून गेली होती. त्याने नकार दिला आणि ते स्थळ बोगार्टच्या पदरात पडलं. बोगार्ट पडद्यावर सतत सिगरेटी वळत असतो. आपल्याकडे कोपऱ्यात येणारा तंबाखूचा इशारा सगळ्या सिनेमाभर काढताच यायचा नाही. सगळ्यांत बहार सिडनी ग्रीनस्ट्रीटची. हा अगडबंब माणूस गटमन नावाचा खलनायक होतो. कॅमेरा खाली ठेवून त्याचं पोट असं दाखवलंय की आपल्याच अंगावर येईल. हा त्याचा पहिला सिनेमा, आणि तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळालं. भाच्याने ही माहिती दिली, आणि नाशिकच्या चौकटीत काका जरा ताठ बसले. ते अडुसष्टचे आहेत. शाळेच्या गॅदरिंगला त्यांनी केलेला अफजलखान अजून लोक आठवतात असं त्यांचं म्हणणं.

मग कॅप्टन आला. कॅप्टन याकोबी नावाचा जहाजाचा कप्तान गोळ्या खाऊन, छातीशी पुडकं धरून स्पेडच्या ऑफिसात येतो, एखाददोन शब्द पुटपुटतो आणि मरून पडतो. हा एवढासा तुकडा दिग्दर्शकाच्या वडिलांनी, वॉल्टर ह्यूस्टननी, केलाय आणि श्रेयनामावलीत त्यांचं नावही नाही. नाशिकहून काका ओरडले, "गेला!" आमच्या पडद्यावर तो अजून दारातही आला नव्हता. मग तो आमच्याकडे आला आणि गेला. मग डोंबिवलीला गेला. भाच्याकडे गेला. शेवटी बडोद्याला सावकाश आत शिरला. "आता मरणार बरं का," आम्ही चौघांनी सांगितलं, आणि आत्याने "अरेरे" म्हटलं. एका सकाळी एवढ्या वेळा मेलेला माणूस मी पाहिलेला नाही.

"मुलाचा पहिलाच सिनेमा, आणि बापाला येऊन मरायला लावलं?" आईला हे अजिबात पटलं नाही. "काही शुभ काम द्यायचं."

पुडक्यात ससाणा असतो. त्याच्यासाठी गटमन सतरा वर्षं जगभर फिरलाय. खून झालेत, जहाज जळलंय. सगळे टेबलाभोवती जमतात. गटमन चाकूने वरचा काळा रंग खरवडतो, खालून सोनं निघणार म्हणून. निघतं शिसं.

"सतरा वर्षं!" आई खरोखर चिडली. "आणि एकानेही सोनाराला दाखवला नाही? सोबत कसोटीचा दगड ठेवायला काय झालं होतं? आमच्या वेळी अर्ध्या तोळ्याची नथसुद्धा दोन ठिकाणी दाखवून घ्यायचे."

भाच्याने मग तिला सांगितलं की सिनेमात वापरलेला हा शिशाचा पुतळा, वजन सुमारे वीस किलो, २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये लिलावात चाळीस लाख डॉलरच्या वर गेला. आईला आधी वाटलं फोन तुटतोय. तिने दोनदा विचारून घेतलं: शिसंच ना? आणि सगळ्यांना माहीत होतं ना? त्याच पोराने पुढे सांगितलं की कादंबरीत स्पेड जिथे जेवतो ते जॉन्स ग्रिल हे हॉटेल अजून चालू आहे. तिथे शोभेला ठेवलेली ससाण्याची प्रतिकृती २००७ साली चोरीला गेली. खोट्या पक्ष्याची नक्कल, तीही कोणीतरी जपून नेली. आई म्हणाली, "तुला तिथे पगार नीट देतात ना रे?"

शेवट आता सगळ्यांना माहीतच होता. काकांनाही. स्पेड ब्रिजिडला समोर बसवतो आणि हिशेब मांडतो. आर्चर बावळट असेल, पण अनुभवी होता. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्यामागून अंधाऱ्या बोळात तो असा जाणार नाही. पिस्तूल कमरेला तसंच, ओव्हरकोटाची बटणं लावलेली. तो गेला असेल तर तुझ्याबरोबर. बाई रडते, प्रेमाच्या गोष्टी करते. स्पेडचंही तिच्यावर मन बसलेलं असतं, ते त्याच्या तोंडावर दिसतं. तरी तो तिला पोलिसांच्या ताब्यात देतो. लिफ्टचं जाळीचं दार तिच्यासमोर सरकतं, गजांच्या सावल्या चेहऱ्यावर पडतात आणि लिफ्ट खाली जाते.

कोणी काही बोलेना. मावशीने डोळे टिपले. रक्त फारसं नव्हतं, पण तिला हे त्याहून वाईट वाटलं. बडोद्याला लिफ्ट अजून वरच होती.

"आजी, कसा वाटला?" भाच्याने विचारलं. त्याच्याकडे रात्रीचे साडेदहा होत आले होते, तो जांभया देत होता.

आईने लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला.

"दोनशेचे दीडशे करा म्हणाली असती," ती म्हणाली, "तर सुटली असती."